कापडनगरीत रुजलेली संगणकविद्या

कापडाच्या व्यवहारात आयुष्य घालविलेल्या जुन्या पिढीला कानपूर या शहराची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. एल्गिन, म्योर, व्हिक्टोरिया, स्वदेशी ही तेथील गिरण्यांची नावे ताक्यांवरील शिक्क्यांमुळे देशभरच्या पेढ्यांना परिचित होती. लाल इमलीची लोकरी वस्त्रे व ब्लँकेटे तर सामान्य घरांतूनही मानाने वापरली जात. १८६४ मध्ये एल्गिन, १८७४ मध्ये म्योर आणि १८७६ मध्ये लाल इमली अशी गिरण्यांची मालिका गंगेच्या काठी उभी राहिली आणि कानपूरला 'पूर्वेचे मँचेस्टर' ही पदवी लाभली.

याच शहराच्या वेशीबाहेर, विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या शेवटी, एक वेगळाच उद्योग सुरू झाला. त्याला कापूस लागत नव्हता आणि त्याचा माल गाठोड्यांत बांधून पाठविता येत नव्हता. तो उद्योग म्हणजे कानपूरचे भारतीय तंत्रज्ञान संस्थान, अर्थात आय.आय.टी. कानपूर होय. भारतात संगणकविद्येचे पद्धतशीर शिक्षण प्रथम जेथे रुजले, ते हे स्थान. त्या शिक्षणाचा इतिहास अभियंत्यांपुरता मर्यादित नाही. देणगीचे चीज कसे होते, हे ज्यांना समजून घ्यावयाचे आहे अशा प्रत्येकाने तो वाचावा, इतका तो बोधप्रद आहे.

केळकर आणि कल्याणपूर

स्वातंत्र्यानंतर देशाने उच्च तांत्रिक शिक्षणाच्या संस्था एकामागून एक उभारल्या. १९५१ मध्ये खरगपूर, १९५८ मध्ये मुंबई, १९५९ मध्ये मद्रास व कानपूर असा हा क्रम होता. मुंबईस सोव्हिएत रशियाचे, मद्रासला पश्चिम जर्मनीचे आणि कानपूरला अमेरिकेचे साहाय्य लाभले.

कानपूरच्या संस्थेचे पहिले संचालक म्हणून डॉ. पुरुषोत्तम काशीनाथ केळकर यांची निवड झाली, ही महाराष्ट्राने अभिमानाने स्मरावी अशी गोष्ट आहे. धारवाड येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या केळकरांनी मुंबई व बंगळूर येथे शिक्षण घेऊन इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते विद्युत अभियांत्रिकीचे विभागप्रमुख होते. १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्थाही मुंबईच्या गिरण्यांना कुशल माणसे हवीत या गरजेतून आणि गिरणीमालकांच्या औदार्यातून वाढलेली होती. मुंबईच्या आय.आय.टी.च्या पूर्वतयारीतही केळकरांचा मोठा वाटा होता.

डिसेंबर १९५९ मध्ये कानपुरातील हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत, उसन्या जागेत, सुमारे १०० विद्यार्थ्यांसह वर्गांचा आरंभ झाला. शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर, ग्रँड ट्रंक रस्त्यालगत कल्याणपूर येथे उत्तर प्रदेश सरकारने १,००० एकरांहून अधिक जमीन दिली. १९६३ मध्ये संस्था तेथे स्थलांतरित झाली. तेथील विटांच्या व काँक्रीटच्या साध्या, भव्य वास्तूंची रचना अच्युत कानविंदे यांनी केली. ते कोकणातील आचऱ्याचे सुपुत्र होत.

केळकरांनी इमारतींपेक्षा अभ्यासक्रमावर अधिक भर दिला. वर्षाच्या अखेरीस एकच परीक्षा घेण्याच्या जुन्या प्रथेऐवजी सत्रपद्धती आणली. वर्गात जो शिकवितो त्यानेच वर्षभर विद्यार्थ्याची पारख करावी, हे तत्त्व स्वीकारले. कोणत्याही शाखेच्या अभियंत्याला गणित, भौतिकी व रसायन यांचा भक्कम पाया मिळावा आणि भाषा, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र यांसारखे मानव्यविषयही त्याने अभ्यासावेत, अशी रचना केली. त्या काळात हे विचार भारतात नवीन होते. पुढे देशातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ते थोड्याफार फरकाने उचलले.

विमानाने आलेले यंत्र

अमेरिकन साहाय्याचा कार्यक्रम १९६२ ते १९७२ असा दहा वर्षे चालला. मॅसॅच्युसेट्सची एम.आय.टी., प्रिन्स्टन, बर्कलेचे कॅलिफोर्निया विद्यापीठ, कॅलटेक, कार्नेगी, मिशिगन, ओहायो स्टेट, केस आणि पर्ड्यू अशा नऊ नामवंत संस्था त्यात सहभागी होत्या. त्यांचे प्राध्यापक कानपूरला येऊन राहिले, कानपूरचे तरुण अध्यापक तिकडे जाऊन आले आणि प्रयोगशाळांसाठी उपकरणे आली. त्या उपकरणांतील सर्वांत महत्त्वाचे होते आय.बी.एम. १६२० हे संगणकयंत्र. ऑगस्ट १९६३ मध्ये ते खास विमानाने कानपूरच्या चकेरी विमानतळावर उतरविण्यात आले.

आजच्या मापाने हे यंत्र अगदीच अल्पशक्तीचे म्हणावे लागेल. त्याच्या स्मृतीत काही सहस्र अंकच मावत. आज्ञा भोके पाडलेल्या कार्डांवरून द्याव्या लागत. गंमत अशी, की या यंत्राला बेरीज करणारा स्वतंत्र भागच नव्हता. शाळेतील मुलाने पाढे पाठ करावेत तसे बेरजेचे व गुणाकाराचे तक्ते त्याच्या स्मृतीत भरून ठेवावे लागत आणि यंत्र प्रत्येक वेळी त्या तक्त्यात पाहून उत्तर देई. मात्र 'फॉर्ट्रान' या संगणकभाषेची सोय त्यावर होती. त्यामुळे यंत्राच्या अंतर्गत सांकेतिक आकड्यांत न शिरता, बीजगणिताच्या सूत्रांशी मिळत्याजुळत्या भाषेत त्याला काम सांगता येई.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कानपूरचा संगणक हा भारतातील पहिला नव्हता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्येच परदेशी बनावटीचा संगणक आला होता आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तर १९६० पर्यंत स्वतःचा संगणक बांधून कार्यान्वित केला होता. पण ही यंत्रे मुख्यतः संशोधकांच्या कामासाठी होती. संगणक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, पदवीच्या मुलालाही तो वापरता यावा, हा निर्णय कानपूरने घेतला. कानपूरचे श्रेष्ठत्व या निर्णयात आहे.

अमेरिकेतून आलेल्या हॅरी हस्की आदी तज्ज्ञांनी प्रारंभीचे पाठ दिले. विद्युत विभागाचे प्रमुख एच. के. केसवन यांनी संगणक केंद्राची धुरा वाहिली. १९६३ मध्येच डॉ. वैद्येश्वरन राजारामन हे तरुण अध्यापक म्हणून रुजू झाले व पुढे एच. एन. महाबल यांची साथ मिळाली. लवकरच संगणक-आज्ञावलीचा अभ्यासक्रम सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाला. स्थापत्य असो वा रसायन, प्रत्येक अभियंत्याने आपले गणित यंत्राकडून करवून घेण्यास शिकले पाहिजे, अशी त्यामागील भूमिका होती.

याहूनही दूरदृष्टीचे काम म्हणजे बाहेरच्यांसाठी भरविलेले अल्पमुदतीचे वर्ग. इतर विद्यापीठांचे अध्यापक, राष्ट्रीय प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञ, कारखान्यांतील अभियंते यांनी कानपूरला यावे, सुमारे दहा दिवस राहावे, संगणक शिकावा आणि परत जाऊन आपल्या ठिकाणी तो दिवा लावावा, अशी ती योजना होती. ज्यांच्या संस्थेत यंत्र नव्हते तेही आपली गणिते घेऊन कानपूरला येऊ लागले. काम वाढत गेले, तशी १९६६ मध्ये आय.बी.एम. ७०४४ हे कितीतरी अधिक शक्तीचे यंत्र आले.

पंधरा रुपयांचे पुस्तक

वर्ग भरले, पण पुस्तके कोठून आणावयाची? परदेशी पुस्तकांच्या किमती विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. राजारामन यांनी आपल्या वर्गातील टिपणांवरून १९६९ मध्ये संगणक-आज्ञावलीच्या मूलतत्त्वांचे पुस्तक सिद्ध केले. त्याची किंमत अवघी १५ रुपये ठेवण्यात आली. भारतीय विद्यार्थ्याला परवडेल असे संगणकाचे पाठ्यपुस्तक त्यामुळे गावोगावच्या महाविद्यालयांत पोहोचले. व्यापारात ज्याला 'थोड्या नफ्यावर मोठी उलाढाल' म्हणतात, तेच तत्त्व येथे विद्येला लागू पडले. ज्या विद्यार्थ्यांनी कानपूर कधी पाहिले नाही, तेही या पुस्तकामुळे कानपूरचे शिष्य झाले.

१९७१ मध्ये संगणकशास्त्रातील एम.टेक. व पीएच.डी. यांसाठी स्वतंत्र शिक्षणक्रम सुरू झाला. त्यानंतर काही वर्षांनी बी.टेक. सुरू होऊन त्याची पहिली तुकडी १९८३ मध्ये बाहेर पडली आणि १९८४ मध्ये संगणकशास्त्र व अभियांत्रिकी हा स्वतंत्र विभाग झाला. यंत्र आल्यापासून विभाग होईपर्यंत एकवीस वर्षे लागली. रोपाने आधी मुळे धरली आणि मग त्यावर नावाची पाटी लागली, असेच म्हणावे लागेल.

वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनी विशेष कृतज्ञतेने आठवावी अशी आणखी एक घटना आहे. देशाला अभियंत्यांबरोबरच व्यवहाराची जाण असलेले संगणकज्ञही मोठ्या संख्येने लागतील, हे ओळखून राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एम.सी.ए. या नव्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची शिफारस केली. विज्ञान वा वाणिज्य शाखेच्या, पण गणिताची तयारी असलेल्या पदवीधराला त्यामुळे संगणकक्षेत्राचे दार उघडले. १९८० च्या दशकात सुरू झालेला हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातही गावोगाव पोहोचला. २०२० पासून तो दोन वर्षांचा करण्यात आला आहे. व्यापारी कुटुंबांतील कितीतरी मुलामुलींनी याच वाटेने नव्या क्षेत्रात पाऊल टाकले.

विरोध आणि वियोग

ही वाटचाल निर्विघ्न झाली, असे मात्र नाही. यंत्र आले की माणसाची भाकरी जाणार, ही भीती त्या काळी सर्वत्र होती आणि ती निराधार म्हणून झटकण्याजोगीही नव्हती. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला तीव्र विरोध केला. केंद्र सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी पुण्याच्या गोखले संस्थेतील ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७२ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाचा कल यांत्रिकीकरणावर नियंत्रण असावे असा होता.

त्याच वर्षी अमेरिकन साहाय्याची मुदत संपली व परदेशी प्राध्यापक मायदेशी परतले. परकीय भांडवलाविषयीच्या नव्या धोरणाशी न पटल्याने १९७८ मध्ये आय.बी.एम. या कंपनीनेही भारतातील आपला कारभार गुंडाळला. ज्यांनी यंत्र दिले ते गेले आणि ज्यांनी ते बनविले तेही गेले. केवळ यंत्रावर उभी असलेली संस्था असती, तर ती याच वेळी कोसळली असती. पण एव्हाना शिकविणारे भारतीय होते, पुस्तक भारतीय होते आणि दुरुस्तीची जबाबदारीही कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या भारतीय सरकारी कंपनीने उचलली. कानपूरच्या वर्गात खंड पडला नाही.

दुसरा वियोग अधिक जिव्हारी लागणारा होता. देशाच्या पैशाने शिकलेले कितीतरी बुद्धिमान विद्यार्थी परदेशी निघून गेले. यावर कठोर टीका झाली आणि ती रास्तही होती. परंतु राहिलेल्यांनी काय केले, हेही जमेच्या बाजूस मांडले पाहिजे. १९६९ मध्ये कानपूरहून एम.टेक. झालेल्या एन. आर. नारायण मूर्ती यांनी १९८१ मध्ये सहा सहकाऱ्यांसह पुणे येथे, अवघ्या १०,००० रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस ही कंपनी सुरू केली. पुढे तिने देशातील लक्षावधी तरुणांना रोजगार दिला.

आणि कापडनगरीचे काय झाले? विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कानपूरच्या बहुतेक जुन्या सूतगिरण्या बंद पडल्या. वेळेवर न बदललेली यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा, कामगार-मालक तंटे आणि सरकारी ताब्यानंतरचा तोटा अशी कारणे सांगितली जातात. कल्याणपूरची विद्या त्या गिरण्या वाचवू शकली नाही, हे सत्य आहे. एका शहरात एका बाजूला भोंगे बंद होत होते आणि दुसऱ्या बाजूला नवे ज्ञान जन्म घेत होते. सोलापूर व मुंबई येथील गिरण्यांचा अंत ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या विसंगतीतील वेदना समजावून सांगण्याची गरज नाही.

देवनागरीचा प्रश्न

संगणक आला तो रोमन लिपी घेऊन. आपल्या काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांना त्यात जागा नव्हती. या प्रश्नावर कानपूरला डॉ. आर. एम. के. सिन्हा यांनी १९७० च्या दशकापासून काम केले. आधी यंत्राला छापील देवनागरी अक्षर ओळखता यावे यासाठी आणि नंतर देवनागरीत लिहिता यावे यासाठी त्यांचे प्रयत्न होते. मोहन तांबे हे त्यांच्यासमवेत काम करणारे विद्यार्थी होते. १९८३ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरी संगणक-टर्मिनलचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले.

त्यामागील कल्पना सोपी आणि म्हणूनच थोर होती. अक्षराचा आकार साठविण्याऐवजी उच्चार साठवावा आणि आकार यंत्राने जुळवावा. 'क' आणि 'ष' यांची कळ दाबली व मध्ये हलन्त दिला, की 'क्ष' यंत्र स्वतः घडवील. भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच असल्याने एकाच कळफलकावर मराठी, गुजराती, कन्नड, तमिळ अशा साऱ्या भाषा लिहिता येतील. पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाल्यावर हे कार्य तांब्यांच्या नेतृत्वाखाली 'जिस्ट' या नावाने तेथे बहरले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक निश्चित झाले आणि आज जगभर रूढ असलेल्या युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणीही त्याच परंपरेवर आधारलेली आहे. मोबाईलवर नातवाला मराठीत आशीर्वाद पाठविणाऱ्या आजी-आजोबांच्या बोटांमागे कानपूरचे हे ऋण आहे.

नऊ पानांचा शोधनिबंध

ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या संगणक विभागाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले गेले. प्रा. मणींद्र अग्रवाल आणि त्याच वर्षी बी.टेक. झालेले नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अवघ्या नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न शाळकरी मुलालाही समजेल असा होता. दिलेली संख्या मूळ संख्या आहे की नाही, हे कसे ओळखावे? लहान संख्येला भागाकार करून पाहता येतो. पण शंभर-दोनशे अंकी संख्या असेल, तर त्या रीतीने युगे लोटतील. झटपट रीती होत्या, परंतु त्यांत कोठे योगायोगाचा अंश होता, तर कोठे सिद्ध न झालेल्या गृहीताचा आधार होता. या तिघांची रीत निश्चित उत्तर देणारी, गृहीतांवर न विसंबणारी आणि अंक वाढले तरी वेळ आवाक्यात ठेवणारी होती.

या कार्यास २००६ मध्ये ग्योडेल व फुल्कर्सन हे आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाले. यासाठी महागडे यंत्र लागले नाही. कागद, पेन्सिल आणि विद्यार्थ्याला बरोबरीने बसवून घेणारा गुरू एवढेच पुरेसे झाले. पुढे सक्सेना कानपूरलाच अध्यापक म्हणून परतले आणि २०२४ मध्ये अग्रवाल त्याच संस्थेचे संचालक झाले.

अलीकडील काळातही संस्थेने नवी दालने उघडली आहेत. सायबर-सुरक्षेसाठी विशेष केंद्र स्थापन झाले. २०२२ पासून नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ई-मास्टर्स पदव्या सुरू झाल्या. त्याच वर्षी माजी विद्यार्थी राकेश गंगवाल यांनी वैद्यक व तंत्रज्ञान यांच्या संयुक्त विद्यालयासाठी १०० कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. घेतलेले विद्याऋण फेडण्याची परंपरा तेथे दृढ होत आहे, याचे हे सुचिन्ह होय.

इतिहासाचा बोध

या साठ वर्षांच्या वृत्तान्तातून एक हिशेब स्पष्टपणे हाती येतो. १९६३ चे यंत्र केव्हाच मोडीत निघाले. वहीखात्याच्या भाषेत बोलावयाचे, तर त्याचा घसारा काही वर्षांतच पूर्ण झाला. परंतु त्या यंत्राभोवती जो अभ्यासक्रम आखला गेला, जे शिक्षक घडले, जे स्वस्त पुस्तक निघाले आणि जे दार सर्वांसाठी उघडे ठेवले गेले, त्याचे मोल दरवर्षी वाढतच राहिले.

आज अनेक शाळांना व छात्रालयांना उदार दात्यांकडून संगणक भेट मिळतात. फलक लागतो, हार पडतात, छायाचित्र निघते. त्यानंतर कित्येक ठिकाणी संगणककक्षाला कुलूप लागते आणि यंत्रावरील आच्छादनावर धूळ साचते. शिकविणारा नेमलेला नसतो, वीजबिलाची तरतूद नसते आणि मुलांनी हात लावल्यास यंत्र बिघडेल, ही धास्ती असते. कानपूरने नेमके याच्या उलट केले. दात्याने यंत्राच्या किमतीइतकीच रक्कम शिक्षकाच्या वेतनासाठी बाजूला काढावी, विश्वस्तांनी कक्षाची किल्ली विद्यार्थ्यांच्या सोयीने ठेवावी आणि आपल्या गावाबाहेरच्या मुलांनाही तेथे बसू द्यावे, एवढे पथ्य पाळले तरी लहान गावातील लहान देणगीही वाया जाणार नाही.

कापडाचा ताका विकला की दुकानातून तेवढा कमी होतो. विद्येचा ताका कितीही फाडला तरी शिल्लक राहतो. कल्याणपूरच्या माळरानावर केळकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सिद्ध करून दाखविले. समाजातील शिक्षणप्रेमी दाते व कार्यकर्ते यांना त्यापासून प्रेरणा मिळो, हीच सदिच्छा!